मदत हवी आहे: रोजनिशीची खतावणी एआयकडून करून घेताना न लिहिलेली नोंद निघाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी सांगलीचा, गावभागात राहतो. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात २२ वर्षं दिवाणजी आहे. हळदीचे सौदे, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशोब), हमाली-तोलाई, कीर्द-खतावणी (रोजच्या नोंदींची वही आणि त्यातून खात्यांवार उतरवलेली वही) हे रोजचं काम. दुकानाबरोबर स्वतःचाही हिशोब राहावा म्हणून २०१३ पासून रोज रात्री अर्धं-पाऊण पान लिहितो. कुणावर ओरडलो, जेवण किती वाजता झालं, किती चाललो, काय वाचलं, झोप कशी लागली. साखर काठावर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून खाण्याचंही लिहितो. अशा बारा वह्या झाल्यात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे आमच्या गल्लीत काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. जुन्या वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. चालू वही मात्र टेबलाच्या खणात राहिली. पाणी उतरल्यावर काढली तर फुगून विटेएवढी झालेली. घरच्यांनी एकेक पान सुटं करून मध्ये टाल्कम पावडर टाकली आणि आठ दिवस पंख्याखाली ठेवली. बॉलपेनचं लिखाण राहिलं. शाईपेनने लिहिलेली पानं मात्र नुसती निळसर झाली, अक्षर एक नाही. तेव्हापासून डोक्यात होतं की हे सगळं कुठंतरी उतरवून ठेवायचं.

गेल्या दिवाळीत मुलगी आली (इंजिनिअरिंगला आहे) आणि तिने फोनवर एक एआय अॅप लावून दिलं. वहीच्या पानांचे फोटो काढायचे, त्याने ते वाचून टाईप करायचे, मग मी प्रश्न विचारायचे. दोन महिन्यांत मी तीन वह्या चढवल्या.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं झालं. मी विचारलं, गेल्या हंगामात मी कधी कधी रागावलो ते काढ आणि त्यांच्यात काही समान आहे का बघ. त्याने सांगितलं, बहुतेक वेळा त्या दिवशी तुमचं जेवण उशिरा झालेलं आहे. मी वही काढून बसलो. खरंच होतं. सौद्याच्या दिवशी डबा साडेतीन-चारला उघडला जातो आणि त्यानंतरच्या तासाभरात कुणावर तरी आवाज चढलेला असतो. मार्चमध्ये पट्टीत वजन चुकलं म्हणून दुकानातल्या पोरावर सगळ्यांसमोर ओरडलो होतो, आणि संध्याकाळी बघतो तर आकडा मीच चुकवलेला. त्या पानावरही वर लिहिलंय, 'डबा ३.४०'. बारा वर्षं मी हे स्वतः लिहीत होतो आणि मला दिसलं नव्हतं. आता सौदा असो नसो, दीड वाजता दोन भाकऱ्या खाऊन घेतो. एवढ्यासाठी तरी त्या यंत्राचे आभार.

आता अडचण. त्याच उत्तरात त्याने रागाचे सात प्रसंग दिले होते. वहीशी ताडून बघितलं तर पाच बरोबर. एक तोच प्रसंग दोनदा मोजलेला. आणि सातवा वहीत कुठंच नाही. त्यात लिहिलं होतं की मी मुलीच्या निकालाच्या दिवशी तिला टाकून बोललो आणि रात्री पश्चात्ताप झाला. तारीखही दिली होती. त्या तारखेचं पान मी चार वेळा वाचलं. त्यावर फक्त पावसाचं आणि गुडघ्याचं लिहिलंय. रात्री एकपर्यंत पुढची-मागची पानं चाळली. शेवटी मुलीला फोन करून विचारलं, मी तुला असं कधी बोललो का गं? ती म्हणाली, बाबा, असं काही झालंच नाही.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, पण त्याआधीचे तीन तास मी ती गोष्ट खरी धरून चाललो होतो. मला ते आठवायलाही लागलं होतं! दुकानात व्हाउचर नसलेली एक रक्कम वहीत सापडली तर आम्ही रात्र जागवतो. इथे तर माझ्याच आयुष्यात माझ्या हातची नसलेली नोंद पडली.

वाचनाच्या चुका आहेतच. मी लिहिलं होतं 'हरिपूरच्या पेवात पाणी गेलं, जिवाला घोर'. आमच्याकडे हळद साठवायला जमिनीत पेवं असतात. त्याने 'पेव'चं 'पेय' केलं आणि सारांशात मला पिण्याची काळजी वाटते असं घालून सल्लाही दिला. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

आणखी एक जाणवतंय. मधले तीन आठवडे कंटाळा करून मी वही बंदच ठेवली आणि दिवसभराचं फोनवर बोलून टाकलं. त्याने त्याच्या छान नीटस नोंदी केल्या. आज त्या वाचल्या तर परक्या माणसाच्या वाटतात. शिवाय दर आठवड्याला 'तुम्ही उल्लेखनीय प्रगती करत आहात' असं लिहून येतं, ज्या आठवड्यात मी एक दिवसही चाललो नाही त्यालासुद्धा.

जाणकारांनी सांगावं. प्रत्येक विधानापुढे वहीचं पान दाखवायला याला भाग पाडता येतं का, जसं खतावणीत कीर्दीचा पान नंबर घालतो तसं? देवनागरी हस्ताक्षर नीट कसं चढवावं? आणि यात दुकानातल्या हमालांची, पै-पाहुण्यांची नावं आहेत, घरातलं बरंच काही आहे, ते असं देणं बरोबर आहे का? बंद करायचं म्हटलं तर भाकरीची गोष्ट आठवते.

प्रतिसाद, मिरजेहून

दिवाणजी, तुम्ही पानं ताडून बघितलीत हे फार चांगलं केलंत.

या यंत्रांचं मूळ काम पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधणं. बाप, मुलगी, निकाल, राग, पश्चात्ताप ही साखळी त्याने हजार ठिकाणी वाचलेली असते, म्हणून ती सहज जुळते. तुमची वही त्याच्यापुढे आहे म्हणून तो वहीतूनच बोलेल असं नसतं. मोजणीतही ही यंत्रं कच्ची असतात. 'किती वेळा' हा प्रश्न त्याला विचारूच नका. तारखा काढून द्यायला सांगा आणि मोजा तुम्ही.

पान दाखवायला लावता येतं. गूगलचं नोटबुकएलएम त्याच पद्धतीचं आहे. आपण दिलेल्या कागदांवरून उत्तर देतं आणि वाक्यापुढे आकडा घालतं. आकड्यावर बोट ठेवलं की मूळ मजकूर उघडतो. मोफत खात्यात तिथल्या एका 'नोटबुक'ला ५० स्रोत, म्हणजे फायली वगैरे, चढवता येतात. अख्ख्या वर्षाची एक मोठी फाईल करू नका, मधली पानं निसटतात. महिन्याची एक फाईल करा आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तारीख टाका. तरीही आकड्यावर बोट ठेवून बघायचं सोडू नका, कधी कधी आकडा एका पानाचा आणि अर्थ दुसराच लावलेला असतो.

कुठलंही अॅप वापरा, सुरुवातीला हे चिकटवा: 'फक्त दिलेल्या नोंदींतून सांग. प्रत्येक मुद्द्यापुढे तारीख आणि माझं मूळ वाक्य जसंच्या तसं दे. सापडलं नाही तर नोंद नाही असं लिही. कौतुक नको, सल्ला नको.' ते मूळ वाक्य फाईलमध्ये शोधायचं. सापडलं नाही तर तो मुद्दा रद्द. दोन मिनिटांचं काम आहे.

कौतुकाचं म्हणाल तर ही खोड फक्त तुमच्या अॅपची नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल मागे घ्यावा लागला होता, कारण ते फारच होयबा झालं होतं.

प्रतिसाद, साताऱ्याहून

दादा, मी निवृत्त शिक्षिका. माझ्याही वह्या आहेत, त्यामुळे तुमचा रात्रीचा एक वाजेपर्यंतचा शोध वाचून गलबलून आलं.

हस्ताक्षराचं मी असं करते. फोटो काढून ठेवते, पण चढवते वाचून. फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाईप होतं. रोज रात्री जुन्या वहीची चार पानं मोठ्याने वाचायची. 'पेव' आलं की तुम्हीच पेव म्हणणार आणि चुकीचं उमटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करणार. वेळ जातो, मान्य. पण मला तर त्यातूनच जास्त मिळालं. २०१६ च्या वहीतलं एक पान वाचताना मी मध्येच थांबले आणि बहिणीला फोन लावला, सात वर्षांनी.

बोलून केलेल्या नोंदी परक्या वाटतात म्हणालात, त्याबद्दल. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. शाळेत हे आम्ही रोज बघत होतो. म्हणून एआयकडून सारांश मागू नका, प्रश्न मागा. 'या आठवड्याच्या नोंदींवर मला पाच प्रश्न विचार, उत्तरं देऊ नको.' उत्तरं हाताने लिहा, मग वही उघडा.

नावांचं मात्र मनावर घ्या. आपलं आपण उघड केलं तर तो आपला प्रश्न, पण त्या हमालाने कधी होकार दिलाय? मी नावाऐवजी खुणा वापरते आणि खुणांची यादी फक्त कागदावर आहे. अॅपच्या सेटिंगमध्ये आपला मजकूर त्यांच्या मॉडेलच्या प्रशिक्षणाला न देण्याचा पर्याय बहुधा असतो, तो मुलीकडून निवडून घ्या. आजारपण, पैसा आणि घरातली भांडणं मी चढवतच नाही.

प्रतिसाद, तासगावहून

मला वेगळं वाटतं. भाकरीची गोष्ट एआयशिवायही दिसली असती, रविवारी तासभर वही घेऊन बसला असता तर. आमच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या वह्या मी दर छाटणीआधी स्वतः वाचतो आणि गेल्या साली कुठं चुकलं ते कळतं. वही लिहितो आपण आणि वाचायला दुसऱ्याला लावतो, हे पटत नाही. राग मानू नका.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तासगावच्या दादांना आधी सांगतो. राग कसला, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. बारा वर्षांत मी मागची वही सलग कधी वाचली नव्हती, हे कबूल करतो. पण द्राक्षाच्या वहीत आपण काय शोधतोय ते माहीत असतं. भुरी आली, कधी आली, काय मारलं. स्वतःच्या वहीत मला ते माहीत नव्हतं. डब्याची वेळ मी साखरेसाठी लिहीत होतो, रागाशी ती जोडायची हे सुचलंच नसतं. तेवढं एक जोडून दाखवायला ते मला हवं आहे.

आता अशी घडी बसवली आहे. कीर्द माझ्या हातची, वहीत, बॉलपेनने. ती कुणालाही लिहू द्यायची नाही, बोलूनही नाही. रविवारी सकाळी आठवडा मोठ्याने वाचून चढवतो, नावं काढून. मग मिरजकरांनी दिलेल्या सूचनेसह विचारतो. जे येईल ते ताडून, पटलेलं तेवढं वहीच्या मागच्या पानांवर खतावतो. डावीकडे खातं, राग, झोप, चालणं, वाचन, आणि उजवीकडे कीर्दीची तारीख. तारखेशिवाय एक ओळ नाही.

पहिल्या रविवारी अकरा मुद्दे आले, त्यातले दोन मूळ वाक्य न सापडल्याने खोडले. गेल्या रविवारी आठ आले, आठही सापडले. तरी ताडणं चालूच ठेवणार आहे.

ताईंचे प्रश्नही घेतले. एक प्रश्न आला, 'मंगळवारी तुम्ही कुणाला शब्द दिला होता?' मला आठवेना. वही उघडली तर त्या दुकानातल्या पोराला खतावणी शिकवतो म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, त्याला घेऊन बसलो. नावे-जमा पटकन उचललं त्याने. तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींचा ताळा) जमवताना अडतोय, पण महिन्याभरात येईल.

एक विनंती उरली. २०१९ च्या वहीत जानेवारी ते मार्चची पानं शाईपेनची होती, ती तशीच निळी आहेत. उन्हात तिरकी धरली तर निबाचे दाब कुठं कुठं दिसतात, 'आई' एवढा शब्द एका पानावर मी वाचलाय. त्या फेब्रुवारीत आई गेली. या पानांना एआय लावायचं नाही हे ठरवलंय, न दिसणारं अक्षर ते स्वतःच्या मनाने भरेल. पण तिरक्या उजेडात फोटो काढणारं किंवा जुने कागद हाताळणारं कुणी सांगली, मिरज, कोल्हापूर भागात माहीत असेल तर इथं कळवा. वही घेऊन मी स्वतः येईन.