मदत हवी आहे: माध्यमिक शिक्षकांना प्रोग्रामिंग शिकवायला तयार कसं करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेने आठवी-नववीला थोडंफार प्रोग्रामिंग सुरू करायचं ठरवलंय. मी गणित शिकवतो, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा हौसेने शिकलो. म्हणून शिक्षकांच्या कार्यशाळेची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यायची आहे.

येणारे बहुतेक गणित-विज्ञानाचे, एक चित्रकलेच्या बाई. एमएस-सीआयटी सगळ्यांचं झालंय. शालार्थ, सरल, यू-डायस या सरकारी पोर्टलांवर माहिती हीच मंडळी भरतात, त्यामुळे संगणकाची भीती म्हणाल तर अजिबात नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

परवा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना प्रोग्राममधली ही ओळ दाखवली: गुण = गुण + १. सर म्हणाले, "दोन्ही बाजूंतून गुण वजा करा. ० = १. हे मी फळ्यावर लिहायचं?" स्टाफरूममध्ये हशा पिकला, पण मुद्दा बिनतोड आहे. वर्गात मुलंही हेच विचारणार. "इथे बरोबरच्या चिन्हाचा अर्थ वेगळा" एवढं सांगून पुढे सरकणं मला पटत नाही.

तर, आधी शिक्षकांना भाषा पक्की शिकवावी आणि ती शिकवायची कशी हे नंतर, की दोन्ही एकत्र? मराठीत तयार साहित्य मिळेल का? लॅबमधली यंत्रं विंडोज ७ ची, नेट असून नसल्यासारखं.

प्रतिसाद १

सर, एकत्रच घ्या. आधी भाषा म्हटलं की अध्यापन राहूनच जातं.

फळ्यावर तीन ओळी लिहा: अ = ५, ब = अ, अ = ७. आता ब किती? प्रत्येकाने उत्तर कागदावर लिहायचं, मगच प्रोग्राम चालवायचा. उत्तर ५, पण गणितवाल्यांपैकी कुणीतरी ७ लिहितंच. ते का लिहिलं, या चर्चेत तुमच्या सरांचं ० = १ आपोआप सुटेल: आधी उजवी बाजू काढायची, मग आलेली किंमत डावीकडच्या नावाखाली ठेवायची. आधी अंदाज, मग चालवणं, तपासणं, बदलणं आणि शेवटी स्वतःचं लिहिणं, हा क्रम इंग्लंडच्या संगणक-शिक्षण संशोधक स्यू सेंटन्स यांच्या 'प्रिम' पद्धतीतला. शिक्षकांना त्याच क्रमाने शिकवा, म्हणजे वर्गात तेच करतील.

साहित्यासाठी एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाला उपक्रमाचे मराठी पाठ बघा. बरेचसे संगणकाशिवाय घेता येतात. आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल मराठी निवेदनासह आहेत, घरून उतरवून पेनड्राइव्हवर न्या.

प्रतिसाद २

स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) वापरणार असाल तर आधी यंत्रं तपासा. स्क्रॅच ३ चं ऑफलाइन ॲप विंडोज १० मागतं, तुमच्याकडे जुनं १.४ टाका. त्यात किंमत एकने वाढवायला सरळ एक ठोकळाच आहे, बरोबरचं चिन्ह मध्ये येतच नाही. बाईंना त्यातली चित्रं करायला द्या, सगळ्यांच्या पुढे जातील.

धागाकर्ता

ताई, दादा, आभारी आहे. तीन ओळींचा प्रयोग उद्याच त्या सरांवर करतो. आता एकच चिंता: कार्यशाळा संपली की व्हॉट्सॲप ग्रुप सुप्रभातच्या फुलांनी भरतो, आणि शिक्षक वर्गात एकटा पडतो. त्यावर कुणी काही केलंय का?

प्रतिसाद १

आम्ही महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसतो. मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकात ती तासिका आधीच मागून घ्या, नंतर मिळत नाही.