मदत हवी आहे: १९६५ चा एएफएल ऑल-स्टार सामना, ह्यूस्टनची जुनी वर्तमानपत्रं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनला राहतो. मुलगा आठवीत आहे. इतिहासाला त्याला प्रकल्प आहे: ‘आपल्या शहरातली एक जागा’. पोरगं फुटबॉलवेडं (इथला, अमेरिकन फुटबॉल), म्हणून त्याने प्रो बोलचा, म्हणजे एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याचा इतिहास काढायला घेतला. पहिला सामना जानेवारी १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला झाला, विजेता संघ विरुद्ध बाकी संघांतले निवडक. न्यूयॉर्क जायंट्सनी १३-१० ने जिंकला. युद्धात बंद पडला, १९५१ ला परत सुरू झाला. १९८० पासून सलग तीस वर्षं होनोलुलूला. २०२३ पासून नुसतं फ्लॅग फुटबॉल (खेळाडूला पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढून थांबवायचं). एवढं एका संध्याकाळी तक्त्यावर चिकटवून झालं.

अडलंय ते मधल्या काळापाशी. साठच्या दशकात एनएफएलशी स्पर्धा करणारी एएफएल ही वेगळी लीग होती आणि तिचा ऑल-स्टार सामनाही वेगळा. १९६५ चा सामना १६ जानेवारीला न्यू ऑर्लिन्सला ठरला होता. त्या शहराला स्वतःचा व्यावसायिक संघ हवा होता, त्यामुळे ही त्याची परीक्षाच होती. खेळाडू पोचले, तर कृष्णवर्णीय खेळाडूंना टॅक्सीवाले घेईनात, फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीतले क्लब आत सोडीनात. अर्नी लॅड या खेळाडूवर तर पिस्तूल रोखलं. नागरी हक्क कायद्यावर सही होऊन जेमतेम सहा महिने झाले होते! कुकी गिलख्रिस्ट, एब्नर हेन्स, आर्ट पॉवेल असे एकवीस जण हॉटेलात एकत्र बसले आणि ठरवलं, इथे खेळायचं नाही. रॉन मिक्स हा गोरा खेळाडू त्यांची समजूत घालायला गेला होता. त्यांचं सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, तुम्ही जाणार असाल तर मीही येतो. हे वाचताना माझा गळा दाटून आला.

एएफएलचे आयुक्त जो फॉस यांनी सामना तिथून हलवून ह्यूस्टनच्या जेपसन स्टेडियममध्ये आणला. पश्चिम विभागाने तो ३८-१४ ने जिंकला. ते स्टेडियम २०१२ मध्ये पाडलं. आता तिथे विद्यापीठाचं नवं स्टेडियम आहे. गेल्या शनिवारी आम्ही दोघं जाऊन आलो. जुन्या फोटोची छापील प्रत हातात धरून मुलगा मैदानाची दिशा जुळवत होता. मधेच थांबून त्याने विचारलं, “बाबा, इथे तरी त्यांना टॅक्सी मिळाली असेल का?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या आठवड्यात ह्यूस्टनमधल्या वर्तमानपत्रांनी काय लिहिलं होतं, हे कुठे पाहता येईल? आणि एएफएलचा सामना प्रो बोलच्या तक्त्यात घ्यावा की नाही? तो वगळायला माझं मन तयार नाही.

प्रतिसाद

वगळू नकाच. तक्त्यावर दोन धारा काढा, एनएफएलची आणि एएफएलची. लीग १९७० मध्ये एकत्र झाल्या आणि जानेवारी १९७१ पासून एएफसी विरुद्ध एनएफसी (एकत्र झालेल्या लीगचे दोन गट) असा एकच सामना सुरू झाला, तिथे दोन्ही धारा मिळवा.

वर्तमानपत्रांसाठी डाउनटाउनमधल्या ज्युलिया आयडसन इमारतीत चौकशी करा, सार्वजनिक ग्रंथालयाचं शहराच्या इतिहासाचं दालन तिथे आहे. आधी फोन करून जा. फक्त मोठी दैनिकं पाहू नका. कृष्णवर्णीय समाजाचं ‘फॉरवर्ड टाइम्स’ १९६० पासून ह्यूस्टनला निघतंय, ते आधी मागा. न्यू ऑर्लिन्सच्या बाजूसाठी तिथल्या कृष्णवर्णीय समाजाचं ‘लुइझियाना वीकली’ पाहा. मुलाचा प्रश्न अगदी नेमका आहे, कारण ह्यूस्टनच्या ऑयलर्स या एएफएल संघाच्या सुरुवातीच्या काळात याच जेपसनमध्ये कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळं बसवत. हेही तक्त्यावर यायला हवं.

धागाकर्ता

मनापासून आभार. वेगळ्या बसवण्याचं मुलाला आत्ताच वाचून दाखवलं. त्याने तक्त्यावरचा ‘ह्यूस्टनने सामना वाचवला’ हा मथळा काढून टाकलाय, नवा अजून सुचलेला नाही. ग्रंथालयात उद्याच फोन करतो.