मदत हवी आहे: ब्लॉक केलेली व्यक्ती नव्या खात्यावरून परत येते

पारिजात
नमस्कार. एका व्यक्तीला मी ब्लॉक केले आहे, तरी ती दर वेळी नवे खाते उघडून परत येते. काल रात्री सातवे आले. नाव तेच असते, फक्त शेवटचा आकडा एकाने वाढलेला असतो, आणि पहिला संदेशही ठरलेला: 'एवढ्याने सुटका होणार नाही.' तक्रार केली तेव्हा 'नियमांचा भंग आढळला नाही' असे छापील उत्तर आले. दुर्लक्ष करा, तक्रार करा, हे कृपया सांगू नये. दोन्ही करून झाले आहे. कायमचे ब्लॉक कसे करायचे, एवढेच हवे आहे. शक्य तितक्या लवकर सांगावे.

निर्विकार
हे कोणत्या माध्यमावर घडते आहे, तेच आपण लिहिलेले नाही. आपले खाते सार्वजनिक आहे की खासगी? माझा अनुभव विचाराल तर अशा माणसाला ब्लॉक करूच नये, म्यूट करावे, म्हणजे त्याचे लेखन फक्त आपल्यापुरते दिसेनासे करावे. ब्लॉक केलेले त्याला लगेच कळते आणि चेव चढतो. म्यूट केले की तो भिंतीशी बोलत राहतो आणि काही दिवसांत कंटाळतो. मी दोन वर्षांपूर्वी हेच केले होते.

अक्षरवेल्हाळ
निर्विकार, याच्याशी मी सहमत नाही. म्यूट केल्याने डोळे आपण मिटतो, त्याचे उघडेच राहतात. डिसेंबर २०१३ मध्ये ट्विटरने ब्लॉकचे रूपांतर जवळजवळ म्यूटमध्येच करून पाहिले होते, म्हणजे ब्लॉक झालेल्या माणसालाही आपले लेखन पाहता येत होते. लोक इतके संतापले, की काही तासांतच कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला.

निर्विकार
दाखला द्यायचा तर पुरा द्यावा. बदल मागे घेताना त्याच कंपनीने म्हटले होते, की ब्लॉक झाल्यावर समोरचा सूड उगवेल ही भीतीही काही जणांना तितकीच सतावते. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून तिथे, म्हणजे आताच्या एक्सवर, ब्लॉक झालेल्यांना सार्वजनिक लेखन पुन्हा दिसू लागले आहे. फक्त त्यावर उत्तर, लाइक असा प्रतिसाद देता येत नाही. मग ब्लॉकचा एवढा भरवसा कशासाठी?

पारिजात
इन्स्टाग्राम, अर्थातच. खाते सार्वजनिक आहे आणि सार्वजनिकच राहील. मी चित्रे काढून विकते. दार लावून घेतले तर ग्राहक येणार कुठून?

जुना_जाणता
व्हॉट्सअॅपवर आपल्याला ब्लॉक केले आहे का, हे ओळखणे सोपे असते. संदेशावर एकच खूण राहते, 'लास्ट सीन' दिसत नाही आणि प्रोफाइलमधले बदल आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. मात्र यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कारणानेही घडू शकते, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढू नये. माझा एका जुन्या मित्राबाबत असा गैरसमज झाला होता. त्याचा फोन बिघडला होता.

पारिजात
काका, मला कोणी ब्लॉक केलेले नाही.

सुतारपक्षी
ताई, इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना दोन पर्याय येतात: फक्त हे खाते, किंवा या व्यक्तीची इतर आणि यापुढे उघडली जाणारी खातीही. दुसरा पर्याय निवडला होता का? तोही अभेद्य नाही, पण दर वेळी एकेक खाते टिपत बसण्यापेक्षा बरा. अनोळखी लोकांच्या टिप्पण्या आणि संदेश काही काळ रोखण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, आणि ठरावीक शब्द असलेले संदेश आपोआप बाजूला पडतील अशीही. ते 'सुटका' वाले वाक्य तिथे नोंदवून ठेवा. आणखी एक: ही व्यक्ती आपल्या ओळखीची आहे का?

पारिजात
दर वेळी पहिलाच पर्याय दाबत होते. दुसरा आहे, हे वाचलेच नव्हते. होय, ओळखीची आहे. पूर्वी एकाच कार्यालयात होतो. जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात तो अजूनही आहे आणि माझ्या नव्या चित्रांवर तिथे शेरे मारतो.

सुतारपक्षी
हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवे होते, कारण यामुळे सल्लाच बदलतो. व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केले तरी सामाईक गटात दोघांना एकमेकांचे संदेश दिसतच राहतात. म्हणजे त्याला आपली खबर तिथून मिळते. गटाच्या अॅडमिनशी बोला किंवा गट सोडा. त्याआधी पुरावा जमवा: सातही खात्यांची नावे, दुवे आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. एकेका खात्याची सुटी तक्रार केली तर तपासणाऱ्याला एक निरुपद्रवी वाक्य दिसते. सातही खाती एकत्र दाखवली तर पाठलाग दिसतो. 'सुटका होणार नाही' ही धमकी आहे, तेव्हा पोलिसांकडे जावे लागले तरी हेच कागद लागतील.

निर्विकार
ओळखीचा माणूस असेल तर मी म्हणतो तेच खरे. निदान रिस्ट्रिक्ट करा. त्याच्या टिप्पण्या आपण मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसत नाहीत आणि त्याला काही कळवले जात नाही.

अक्षरवेल्हाळ
रिस्ट्रिक्ट पहिल्या दिवशी ठीक होते. सातव्या खात्यानंतर कोणाला अंधारात ठेवायचे? तक्रारीचा निकाल कंपनीच्या हाती असतो आणि तो येईपर्यंत संदेश येतच राहतात. ब्लॉकचे बटण त्याच क्षणी आपल्या हातात असते. म्हणून तर वापरकर्त्यांचे लेखन दाखवणाऱ्या अॅपमध्ये ब्लॉकची सोय असलीच पाहिजे, अशी अॅपलच्या अॅप स्टोअरची अट आहे.

पारिजात
सातव्या खात्याला आत्ताच दुसऱ्या पर्यायाने ब्लॉक केले. स्क्रीनशॉट काढायला बसले तेव्हा लक्षात आले, की पहिल्या तीन खात्यांचे संदेश मी रागाने पुसून टाकले आहेत. चार खात्यांचे आहेत. तेवढ्यावर तक्रार ग्राह्य धरतील का?

सुतारपक्षी
चारही पुरेत. नावातले आकडे सलग असतील, तर आधीची तीन गेली आहेत हे तेच सांगतील.