बिनतारखेच्या कामांना खोट्या तारखा नकोत

कामांची यादी ठेवणाऱ्या ॲपबद्दल एक सल्ला दिला जातो की तारीख न ठरलेलं प्रत्येक काम महिनाअखेरच्या तारखेला टाकून द्यावं, म्हणजे ते हरवत नाही. मला हे पटत नाही. महिनाअखेर आली की ढीगभर कामं मुदत उलटलेली म्हणून एकदम लाल होतात, आपण ती सगळी निवडून पुढच्या महिन्यावर ढकलतो, आणि हळूहळू खऱ्या मुदतीकडेही तसाच काणाडोळा व्हायला लागतो. विम्याचा हप्ता आणि 'कधीतरी गिटार शिकणे' एकाच रंगात दिसायला नकोत.

ॲपमध्ये यासाठी सोय असते. 'थिंग्ज' या ॲपमध्ये 'समडे' (कधीतरी) यादी आहे. तिथलं काम 'टुडे'मध्ये लुडबुड करत नाही. टूडूइस्टमध्ये 'नो डेट' फिल्टर लावलं की बिनतारखेची कामं एकत्र दिसतात. गूगल टास्क्समध्ये मात्र जपून, कारण तारीख नसलेलं काम कॅलेंडरवर येतच नाही.

यादी वेगळी केली तरी ती उघडली गेली पाहिजे. म्हणून तारीख एकाच कामाला द्या: 'कधीतरीची यादी चाळणे', दर रविवारी. चाळताना जे आता करायचंच नाही ते बेधडक पुसा. उरलेल्यांची पहिली कृती लिहा. 'घराची कागदपत्रं' एवढंच लिहिलेलं काम वर्षभर पडून राहतं. 'कपाटातली फाइल काढून कुठले कागद नाहीत ते बघणे' लगेच हातात घेतलं जातं.

आणि हो, कुणाच्या तरी उत्तरावर अडलेली कामं यात मिसळू नका. त्यांची यादी वेगळीच ठेवा, नाहीतर समोरच्याला आठवण करायची राहून जाते.