मदत हवी आहे: दिवसाला पाच-सहा तास कानावर राहील असा हेडफोन, बजेट थोडं आणि गोंधळ भरपूर

नमस्कार मंडळी, मी मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम करते, दिवसाला पाच-सहा तास सहज होतात, मध्ये मध्ये कामाचे कॉल असतात आणि रात्री झोपायच्या आधी अर्धा तास गाणी. सध्या एक ब्लूटूथवाला ओव्हर-इअर वापरतेय, दोन वर्षं झाली असतील, त्याच्या कानाच्या गाद्यांचं वरचं काळं कातडं आता सोलवटून गालाला चिकटतं, म्हणजे कॉलवर कॅमेरा चालू केला की गालावर काजळ सांडल्यासारखे कण दिसतात. तेही चाललं असतं, पण हल्ली ऐकूच नीट येत नाहीये. परवा एका मुलाखतीत माणूस "साठ" म्हणाला आणि मी "आठ" टाइप केलं, काम परत आलं, वर दोन शब्द ऐकून घ्यावे लागले ते वेगळंच.

तर आता नवीन घ्यायचाय. बजेट म्हणाल तर फोनला जेवढे घातले त्याच्या पाचव्या हिश्शाच्या वर जायचं नाहीये, आणि त्यातच माइकचंही बसवायचंय. तारवाला घेऊ का बिनतारी? चष्मा आहे, तासाभराने कानामागे दुखतं. फोनला जॅक नाही, लॅपटॉपला एकच भोक आहे. एक मैत्रीण तिचा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो स्वस्तात देतेय, २५० ओहमवाला, चांगला आहे म्हणते, पण कुठेतरी वाचलं की त्याला अँप, म्हणजे आवाज वाढवणारा वेगळा डबा, लागतो. हे ओहम प्रकरण काय आहे ते कोणी माणसाच्या भाषेत सांगेल का? वेबसाइटवर बघायला गेलं की ४० एमएमचा ड्रायव्हर, ५० एमएमचा ड्रायव्हर, हाय-रेझ, ७.१, एवढं वाचून मी टॅब बंद करते.

प्रतिसाद १:
ताई एवढा विचार कशाला, नॉइज कॅन्सलिंगवाले इअरबड घ्या नि मोकळ्या व्हा. मी तेच वापरतो.

प्रतिसाद २:
वरच्यांचं ऐकू नका (हलके घ्या हो दादा). सहा तास बोलणं ऐकायचंय तर इअरबडची बॅटरी मध्येच मान टाकते, आणि दोन-तीन वर्षांनी ती बॅटरी उतरली की बहुतेक बड्समध्ये बदलताही येत नाही, सरळ कचरा. बसून काम आहे ना? मग तार. टाइप करताना मागे-पुढे करत ऐकावं लागतं, ब्लूटूथला बटण दाबल्यापासून आवाज यायला जो पाव-एक सेकंदाचा उशीर होतो तो दिवसातून हजार वेळा झाला की डोकं जातं.

ओहमचं साधं आहे. ओहम म्हणजे हेडफोन करंटला किती आडवा येतो ते. जितका जास्त तितका व्होल्टेज जास्त लागतो, आणि फोन-लॅपटॉप तेवढा देत नाहीत, म्हणून आवाज बारीक येतो. पण नुसता ओहम बघून उपयोग नाही, सेन्सिटिव्हिटी पण बघायची, म्हणजे एका मिलिवॉटला किती डेसिबल आवाज काढतो ते. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० असा तीन प्रकारात येतो. ३२वाला असता तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो. २५०वाल्यावर लॅपटॉपमधून बोलणं ऐकू येईल, आवाज बराच वर न्यावा लागेल एवढंच, फोनवर मात्र रडेल. आणि त्याची तार डोक्यापासून सुटी होत नाही, तुटली तर रिपेअरवाला शोधा. आणा, दोन दिवस वापरून बघा, मग ठरवा.

ड्रायव्हर (आवाज काढणारी आतली चकती) किती एमएमचा हे विसरा, त्यावरून आवाज कळत नाही. हाय-रेझचा शिक्का म्हणजे ४० किलोहर्ट्झपर्यंत वाजतो असा दावा. माणसाला फार तर २० पर्यंत ऐकू येतं, तेही लहानपणी. वटवाघळासाठी घेताय का?

प्रतिसाद ३:
मला वेगळाच संशय येतोय. साठचं आठ झालं म्हणजे फक्त "स" गेला. "स", "श" हे अक्षर वरच्या पट्टीत असतं, ४ किलोहर्ट्झच्या वर त्याचा बराच जीव. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की लॅपटॉप त्याला गाण्याच्या मोडमधून काढून फोनच्या मोडमध्ये टाकतो, आवाज मोनो होतो आणि जुन्या पद्धतीचा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) असेल तर ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलं जातं. लँडलाइनवर "स" आणि "फ" मध्ये गल्लत व्हायची आठवतंय? तेच. तुम्ही टाइप करताना मागे कॉलचं अ‍ॅप चालू ठेवता का? ते माइक धरून बसलं असेल. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन इनपुटला लॅपटॉपचाच माइक निवडा, आउटपुटला हेडफोन राहू द्या, आणि तीच "साठ"वाली जागा परत ऐका. फुकट आहे, करून बघा.

धागाकर्ती:
अहो ३ नंबर, तुमच्या तोंडात साखर पडो!! कॉलचं अ‍ॅप दिवसभर उघडंच असतं माझं. इनपुट बदललं आणि खोलीची खिडकी उघडल्यासारखं झालं, स्पष्ट "साठ" म्हणतोय हो तो माणूस, मी कशी काय आठ ऐकलं. दोन वर्षं मी हे असं ऐकत होते?

पण एक आहेच. डावीकडून अजून दबलेलं येतंय. या मुलाखती दोन माइकवर घेतलेल्या असतात, प्रश्न विचारणारा उजव्या कानात आणि उत्तर देणारा डाव्या कानात, आणि मला नेमकं उत्तर देणाऱ्यासाठीच आवाज ८५-९० टक्क्यांवर न्यावा लागतो, मग प्रश्नवाला उजव्या कानात ओरडतो. म्हणजे हेडफोनची डावी बाजू गेलीच ना? नवीन घ्यावाच लागणार.

प्रतिसाद २:
थांबा थांबा. आधी तात्पुरतं: प्लेअरमध्ये किंवा सिस्टिमच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये मोनोचा पर्याय असतो तो चालू करा, दोघं दोन्ही कानात येतील. तिथेच डावं-उजवं बॅलन्सचं सरकपट्टीचं बटण असतं, ते मधोमध आहे का बघा, कधी कधी हात लागून सरकलेलं असतं. आणि आवाज ९० टक्क्यांवर सहा-सहा तास नका हो ठेवू. डब्ल्यूएचओचा हिशोब असा की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, त्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. तुमचे तर आठवड्याला तीस-एक तास भरतात.

प्रतिसाद ४:
मोनो फाइल लावा आणि हेडफोन उलटा घाला. डावा उजव्या कानावर, उजवा डाव्या कानावर. दबलेलं उजव्या कानात गेलं तर हेडफोन बाद. डाव्याच कानात राहिलं तर हेडफोनला शिव्या देऊ नका.

धागाकर्ती:
बॅलन्स मधोमध आहे. उलटा घातला. डाव्याच कानात राहिलं. मग चष्म्याची काडी गादीखाली येऊन फट राहत असेल म्हणून चष्मा काढून पण बघितलं, बेस थोडा वाढला दोन्हीकडे, पण डावा दबलेलाच. मग भावाचा इअरफोन लावला, तेच. शेवटी फोन नुसता एकदा या कानाला एकदा त्या कानाला धरून रिंग ऐकली. डाव्या कानाने लांबून येतेय. घाबरलेय थोडी.

प्रतिसाद ४:
हे अचानक झालं का हळूहळू? एका दिवसात, दोन-तीन दिवसांत एकदम कमी झालं असेल तर आजच्या आज कानाच्या डॉक्टरकडे जा, त्यात उशीर चालत नाही, उपचार लवकर सुरू व्हावे लागतात. हळूहळू असेल तरी दाखवाच. बहुतेक मळ निघेल, दिवसभर कानात काही घालून बसणाऱ्यांना होतो. पण घरी काडी, कापूसबड, तेल काही घालू नका, काडीने मळ बाहेर कमी येतो आणि आत जास्त जातो.

प्रतिसाद १:
ताई घाबरू नका. माझ्या बड्सची जाळी पण अशीच मळाने भरली होती, मी बड खराब म्हणून वॉरंटीत टाकायला निघालो होतो, बायकोने कोरड्या ब्रशने साफ करून दिला. सांगायला लाज वाटत होती पण सांगितलं.

धागाकर्ती:
हळूहळूच झालंय, कधीपासून ते सांगता येणार नाही. उद्या जाते.

प्रतिसाद ५:
तोपर्यंत माइकचं बोलून घेऊ. लॅपटॉपला एकच भोक म्हणजे ते कॉम्बो जॅक, त्यात चार पट्ट्यांची पिन लागते, पिनवर काळ्या रिंगा मोजा, तीन असल्या तर माइकसकट, दोन असल्या तर नुसता हेडफोन. हेडफोन आणि माइक वेगळे घेतले तर मध्ये वायसारखा स्प्लिटर लागतो, एका बाजूला हेडफोन एका बाजूला माइक. कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक तुम्हाला पुरेल. व्हिडिओत दिसतो तसला मोठा कंडेन्सर माइक घेऊ नका, त्याला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, म्हणजे तो पुरवणारा ऑडिओ इंटरफेसचा वेगळा डबा आला, म्हणजे बजेट गेलं, आणि वर तो शेजारच्यांचा मिक्सर पण रेकॉर्ड करतो.

फोनसाठी टाइप-सीचा डोंगल घ्याल तर आत डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी चिप) असलेलाच घ्या. काही डोंगल नुसती तार असतात, फोन स्वतः अ‍ॅनालॉग आवाज त्या भोकातून देत असेल तरच ते चालतात, नाहीतर "डिव्हाइस सपोर्टेड नाही" असं वाचत बसायचं.

धागाकर्ती (आठ दिवसांनी):
उशिराबद्दल सॉरी. मळच होता. डॉक्टरांनी आधी पाच दिवस थेंब घालायला दिले, त्या पाच दिवसांत तर डावा कान पूर्णच बंद झाला, मळ फुगतो म्हणे, आणि मग कालच्या दिवशी काढला. दोन मिनिटांचं काम. दवाखान्यातून बाहेर पडले तर माझ्याच चपलेचा आवाज मला ऐकू यायला लागला, पिशवीची प्लॅस्टिकची चुरचुर एवढी मोठी असते हे मी विसरलेच होते. आता तोच जुना हेडफोन ४५ टक्क्यांवर ठेवते आणि दोघंही सारखे ऐकू येतात.

तरी गाद्यांचं सोलणं आहेच आणि तारेचं मला पटलंय. मैत्रिणीचा डीटी ७७० दोन दिवस आणला होता. २ नंबर म्हणाले तसंच, लॅपटॉपवर ७० टक्क्यांच्या पुढे नेला की बोलणं छान स्वच्छ येतं, गाद्या मखमली आहेत त्यामुळे गालाला काही चिकटत नाही, पण डोक्याला जरा जास्तच आवळतो, चष्म्याच्या काड्या तासाभरात रुतायला लागल्या, आणि ती टेलिफोनसारखी गुंडाळीची जड तार सारखी मांडीवर ओढते. फोनवर तर कुजबुजतोच. परत दिला, मैत्रीण रुसली नाही.

आता कालपासून ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स आणि जुन्याच हेडफोनला नव्या गाद्या या दोनमध्ये अडकलेय. एम४०एक्स ३५ ओहम आहे, तार सुटी होते, पण बजेटच्या काठावर येतो, माइकला फार उरत नाही.

प्रतिसाद २:
गाद्या टाका. जुन्याला तार लावायचं भोक आहे का? बऱ्याच ब्लूटूथ ओव्हर-इअरला असतं. असेल तर तोच तारेवर चालवा, उशीर गेला, फोन-मोडचं लफडं गेलं, आणि राहिलेल्या पैशात स्प्लिटर आणि कॉलरचा माइक. गाद्या घेताना आतली लांबी-रुंदी मोजून घ्या, मॉडेलचं नाव बघून नको, आणि थोड्या जाड घ्या, काडीभोवती नीट बसतात, फट राहिली की बेस गळतो ते तुम्ही चष्मा काढून बघितलंच आहे. एम४०एक्स कुठे पळून जात नाही.

धागाकर्ती:
भोक आहे! चार्जिंगच्या शेजारी, दोन वर्षं मला वाटत होतं ते रीसेटचं आहे. गाद्या, स्प्लिटर आणि माइक तिन्ही मागवलं.

आणि आता शेवटचं, माइक कॉलरला लावला तर माझं टाइपिंग खाडखाड जाईल का समोर?

प्रतिसाद ५:
जाईल. कॉलरच्या ऐवजी हेडफोनच्या तारेलाच चिमटा लावा, हनुवटीच्या खाली, तोंडाच्या एका बाजूला, समोर नको नाहीतर "प" आणि "फ" ला फुंकर बसते. आणि कॉलवर टाइप करताना म्यूट, त्याला दुसरं औषध नाही.