मदत हवी आहे: जुन्या शूटर गेम्सचे दुसरे भाग नेटाने पूर्ण करू की सोडून देऊ?

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी, रात्री तासभर मोकळा मिळतो. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत अर्धवट सुटलेले गेम आता घरी लॅपटॉपवर खेळतोय. डूम (१९९३), क्वेक (१९९६), हाफ-लाइफ (१९९८) संपवले. गाडी अडलीय ती दुसऱ्या भागांवर.

डूम २ मध्ये इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) तेच, पण ती दुनळी! एका बाराला दोन काडतुसं खाते, पण समोरचा इम्प राक्षस जागेवर आडवा. आर्च-व्हाइल हा राक्षस मात्र डोक्याला ताप. खोली साफ करून वळावं, तर हा मेलेले सगळे उठवून बसलेला. तेही चालेल. खटकतात ते नकाशे. तेराव्या लेव्हलला, 'डाउनटाउन'मध्ये, भद्रकालीत पार्किंग शोधावं तसा किल्ल्या शोधत फिरलो. शिवाय पहिल्या डूमला प्रत्येक एपिसोड पिस्तुलापासून सुरू व्हायचा, धाकधूक असायची. इथे बंदुका शेवटपर्यंत सोबत, मग भीती कसली?

क्वेक २ (१९९७) नावापुरताच दुसरा भाग वाटतो. ते अंधारे किल्ले गेले, परग्रहावरचे कारखाने आले. मला आवडले (दिवसभर मशीनशॉपमध्ये असतो म्हणूनही असेल), पण मागच्या लेव्हलला परत जावं लागतं आणि मध्ये दोन दिवस गेले की कुठलं बटण दाबायचं होतं तेच आठवत नाही.

हाफ-लाइफ २ (२००४) मध्ये होडी आली आणि मळमळायला लागलं. बाकी कुठल्याच गेमला असं झालं नाही. काही उपाय?

दुनळीवाला: होडी सोडू नका, ती संपली की ग्रॅव्हिटी गन (वस्तू उचलून फेकणारी बंदूक) मिळते. या गेममध्ये एफओव्ही (पडद्यावर किती रुंद दिसतं तो कोन) मुळात ७५ असतो, ऑप्शन्समध्ये ९० करा. मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) बंद. डूम २ ला धाकधूक हवी असेल तर खेळताना आय-डी-सी-एल-ई-व्ही ही अक्षरं आणि लेव्हलचा दोन आकडी नंबर टाइप करा. ती लेव्हल पिस्तुलावर सुरू होते. मग बोला.

पंचवटीकर: क्वेक २ मुळात वेगळाच गेम म्हणून करायला घेतला होता, नाव नंतर चिकटवलं. २०२३ ची सुधारित आवृत्ती खेळा, त्यात वाट दाखवणारा कंपास आहे. 'डाउनटाउन'बद्दल सहमत.

धागाकर्ता: दादा, ९० वर होडी पार झाली, मळमळ जवळजवळ नाही. आता आरे फेकून झाँबी कापतोय. डूम ३ मध्ये टॉर्च धरली की बंदूक धरता येत नाही म्हणे, खरंय का?

दुनळीवाला: २००४ च्या मूळ गेममध्ये खरंय. २०१२ च्या सुधारित आवृत्तीत, बीएफजी एडिशनमध्ये, टॉर्च चिलखतावर बसवली. मी म्हणेन मूळचाच खेळा, नाहीतर अंधाराची मजा जाते.

पंचवटीकर: शिफ्टवरून दमून आलेल्या माणसाला कशाला छळताय? बीएफजीच घ्या हो.