शब्दचर्चा: लग्नातल्या ‘निनोंग-निनांग’ना मराठीत काय म्हणायचं?

राजारामपुरी:
नमस्कार मंडळी. भाच्याचं लग्न ठरलंय. मुलगी फिलिपिनो, कॅथलिक. लग्न तिकडे चर्चमध्ये आणि नंतर कोल्हापुरात स्वागत समारंभ. त्याची मराठी पत्रिका छापायची आहे. मुलीकडून आलेल्या यादीत आई-वडिलांच्या खालोखाल ‘निनोंग’ आणि ‘निनांग’ अशी दोन-दोन नावं आहेत. प्रेसवाल्यानं सरळ ‘गॉडफादर’ आणि ‘गॉडमदर’ छापून प्रूफ पाठवलं, ते बघून दाजी भडकलेत. नीट शब्द सुचवा.

शाहूपुरी:
धर्मपिता, धर्ममाता लिहा की. शब्द तयारच आहेत.

मंगळवार पेठ:
दाजींचं बरोबर आहे. ‘तिकीट मिळायला गॉडफादर लागतो’, ‘सिनेमात तिचा कुणी गॉडफादर नव्हता’, असाच हा शब्द मराठीत रोज कानावर येतो. पत्रिकेत तो दिसला की पाहुण्यांना वशिलाच आठवणार.

धर्मपिता शब्द मला मनापासून आवडतो, पण तो स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा आहे. बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारा तो धर्मपिता. कॅथलिक नियमानुसार तो एकटा असू शकतो, किंवा धर्मपिता-धर्ममाता अशी जोडी असते, आणि त्यांचं वय साधारणपणे 16 पूर्ण लागतं. लग्नात मात्र त्या नात्यानं त्यांच्याकडे कुठलाच विधी नसतो. तिथे धर्मगुरू आणि 2 साक्षीदार असले की भागतं. फिलिपिन्समध्ये निनोंग-निनांग लग्नासाठी वेगळे निवडतात. संसारात अडलं-नडलं तर नवरा-बायकोनं ज्यांचं दार वाजवावं अशी ही वडीलधारी माणसं, आणि लग्नाच्या कागदावर साक्षीची सहीही तीच करतात. प्रत्यक्ष विधीला हात लावणाऱ्या तरुण जोड्या आणखी वेगळ्या. एक जोडी मेणबत्त्या पेटवते. दुसरी पांढरं तलम वस्त्र नवरीच्या डोक्यावरून नेऊन नवऱ्याच्या खांद्यावर टाचते. तिसरी दोघांच्या खांद्यांवर आडव्या आठच्या आकड्यासारखी दोरी घालते. नवरा नवरीच्या ओंजळीत 13 नाणी ओततो, ते वेगळंच. एवढ्या सगळ्यांना ‘धर्मपिता’ म्हटलं तर कुणाचा मान कुठला ते कळणारच नाही.

ग्रीकांची गोष्ट निराळी. त्यांचा कुंबारोस लग्नात वधू-वरांच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलून-बदलून ठेवतो, आणि परंपरेनं पहिल्या मुलाचा धर्मपिताही बहुधा तोच होतो. तिथे धर्मपिता शब्द एक वेळ चालून जाईल.

आणखी एक. ‘धर्म’ जोडला की मराठीत दोन उलटे अर्थ निघतात. धर्मपत्नी म्हणजे विधीनं लग्न लागलेली, हक्काची बायको. धर्माची बहीण म्हणजे सख्खी नसलेली, शब्दानं मानलेली. बोलण्यात ‘हे आमचे धर्माचे आई-वडील’ हे फार गोड वाटतं, स्वागताच्या वेळी अशीच ओळख करून द्या. पत्रिकेत एका ओळीत मात्र तेवढा खुलासा होत नाही.

नागाळा पार्क:
आमच्या घरी चार पिढ्या प्रोटेस्टंट. कोल्हापुरात वाइल्डर साहेबांचं मिशन 1852 पासूनचं, प्रेस्बिटेरियन वळणाचं. त्या रीतीत बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी वचन आई-बापच देतात. त्यामुळे धर्मपिता शब्द आमच्या घरात फारसा वापरात नाही. ‘मामा’ म्हटलं तर? अंतरपाट धरल्यावर मामाच पाठीशी उभा असतो की.

मंगळवार पेठ:
ताई, काम जवळचं आहे, हे खरं. सख्खा मामा नसला तर चुलत किंवा गावातला मानलेला मामा उभा राहतो. पण मामा म्हणजे आईचं माहेर. पत्रिकेत तसं छापलं तर लोक मुलीचं आजोळ शोधत बसतील. नुसतं ‘साक्षीदार’ लिहिलं तर नोंदणी कचेरी आठवते. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात 3 साक्षीदारांच्या सह्या लागतात, तसलं कोरडं वाटतं. माझं मत ‘विवाहाचे मानकरी’. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठीचे मानकरी बघत वाढलेल्या आपल्या माणसांना मानकरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मान असतो आणि त्या मानाबरोबर कामही असतं.

राजारामपुरी:
मानकरी पटलं, दाजींनाही. आता प्रत्येक जोडीपुढे ‘सौ. व श्री.’ लावून टाकू ना?

मंगळवार पेठ:
थांबा! निनोंग-निनांग जोडीनं उभे राहतात, पण ते एकमेकांचे नवरा-बायको असतीलच असं नाही. बऱ्याचदा नसतात. मुलीकडे फोन करून नावं विचारून घ्या, मगच प्रेसला पाठवा.